उजळणीच्या खेळातलं वाक्य

कोथरूडच्या आमच्या शाळेत प्रोजेक्टर तापला, की जळक्या धुळीचा वास येतो आणि मला सहावीतली वैष्णवी आठवते. तिचे वडील कारखान्यातल्या अपघातात गेले होते. त्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदाच वर्गात आली होती. मराठीच्या उजळणीचा खेळ चालू होता. तिच्या पाळीला पडद्यावर वाक्य आलं, ‘बाबा कामावर जातात. भूतकाळ करा.’ मी घाईघाईने पुढचं वाक्य आणू लागले.

“थांबा बाई, मला येतंय,” ती उभी राहून म्हणाली. “बाबा कामावर गेले.”

उत्तर बरोबर होतं, म्हणून संगणकातल्या टाळ्या आपोआप वाजल्या. तेव्हा मला ती नुसती धीट वाटली. आता माझे वडील जाऊन वर्ष झालं, तरी माझ्या तोंडी अजून ‘बाबा म्हणतात’ असंच येतं.