बेंबीच्या डावीकडची गाठ

माझ्या पोटावर, बेंबीच्या डावीकडं, लिंबाएवढी गाठ होती. दुखत नव्हती. सुई खुपसली तरी कळायचं नाही. म्हणून रोजचं इन्सुलिन मी तिथंच टोचायची.

मालक होते तोवर सुई ते द्यायचे. आज डावीकडं, उद्या उजवीकडं, परवा मांडीला. म्हणायचे, "एकाच वावरात सारखा ऊस घेतला तर जमीन मरती." ते गेले. दिवस घातले, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः सुई हातात घेतली. जिथं सोपं पडलं तिथं टोचली. रडले नाही. दोन वर्षं तीच जागा.

यंदा पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. डॉक्टर इन्सुलिन वाढवत गेले, तरी साखर उतरेना. शेवटी म्हणाले, महिनाभर बघू, नाहीतर अंगठा काढावा लागेल. मी म्हटलं, काढा.

माझी नात इथंच विद्यापीठात शिकते. चरबीच्या पेशी कशा तयार होतात, हा तिचा अभ्यास. तिनं एकदा मला सुई घेताना पाहिलं आणि हातच धरला.

"आज्जे, ही गाठ कधीपासनं हाय?"

"असंल की. तुला काय करायचंय?"

"अगं, चरबी हाय ही. कातडीखाली कच्च्या पेशी असत्यात. काय व्हायचं ते त्यांचं ठरल्यालं नसतंय. इन्सुलिन सारखं मिळालं की त्यांच्या आतली कळ दाबली जाते, मग त्या चरबीच्या होतात. आम्ही काचेच्या ताटलीत हेच करतोय. तू पोटावर केलंस."

"मग मलाबी घ्या की नोकरीला."

ती हसली नाही. "औषध गाठीतच अडकतंय, रक्तात नीट जाईना. साखर उतरंल कशी? आजोबा जागा बदलत होते ते काय उगंच?"

सुई तशीच हातात होती.

डॉक्टरांनी गाठ चाचपली. नव्या जागी औषध जास्त लागू पडेल म्हणून आधी डोस कमी केला, मग जागा बदलायला लावली. उजवीकडची पहिली सुई चांगलीच दुखली.

साखर उतरली. जखम भरायला बरेच दिवस गेले. नख गेलं, अंगठा राहिला. सगळे म्हणाले, बरं झालं. झालं असेल.

गाठ आता सुपारीएवढी आहे. सकाळी सुई घेतली की हात अजून आधी तिकडंच जातो. तिथं काही कळत नाही. मग कॅलेंडरवर लिहिलेली आजची जागा बघते आणि दुसरीकडं टोचते.