संगव्वाचं मानपत्र

होसकट्टीच्या शाळेत गौरम्मा बडिगेर यांचा कन्नडचा तास सुरू झाला, की शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर खिडकी लावून घेत. व्याकरणाच्या तासाला एवढा गलका त्यांनी दुसऱ्या कुठल्याच शाळेत ऐकला नव्हता. गौरम्मांना फळ्यावर लिहिलेलं वाक्य पुरत नसे. ते उभं राहिलेलं दिसायला हवं. एक मुलगी कर्ता व्हायची, एक मुलगा कर्म, आणि सगळ्यांच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून, क्रियापद उभं राहायचं. क्रियापद बोलल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. नाटकात राजाची एंट्री जशी राखून ठेवतात तशी वाक्यात क्रियापदाची, असं त्या सांगत. मग राजालाच शिंक यायची आणि सगळं वाक्य खो खो हसत सुटायचं.

नाटक त्यांच्या अंगात शिरलं ते लाकडाच्या भुशातून. वडील चन्नप्पा हे गदगच्या बाजूला फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत सुतार होते. राजवाड्याचे खांब, स्वर्गाचा जिना, राक्षसाची गदा, सगळं त्यांच्या हातचं. लहानपणी गौरम्मा पडद्यामागे पेटाऱ्यावर झोपल्या, कंपनीच्या पंगतीत जेवल्या, आणि ज्या गावी बाळकृष्ण कमी पडला त्या गावी बाळकृष्ण झाल्या. वडील थकले तेव्हा कंपनीने त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, फळांची परडी आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. सगळ्यांत खणखणीत गळ्याच्या नटाने ते वाचलं. चन्नप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. घरी येताना त्यांनी लेकीला विचारलं, "एवढा थोर माणूस कोण गं तो? मला काही गर्दीत दिसला नाही."

लेक तेव्हा हसली. पण पुढे शिक्षिका झाल्यावर सातवीला अर्ज, निमंत्रण, आभारपत्र असं रीतीचं लेखन शिकवताना तिला तो प्रश्न दरसाल आठवायचा. वडील त्या चौकटीला कधीतरी ओळखतील म्हणून तिने वाट पाहिली होती. ते गेले, तोपर्यंत ती चौकट कुणा परक्याच्या फोटोसारखी भिंतीवर लटकत राहिली.

आणि आता संगव्वाची पाळी आली होती.

संगव्वा शाळेची स्वयंपाकीण. पोरांच्या आयांनाही तिनेच भात-सांबार वाढलेलं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून या वर्षी ती काम सोडणार होती, आणि शाळेच्या संमेलनात तिचा सत्कार करायचं ठरलं होतं. शाळा समितीचे अध्यक्ष विरूपाक्षगौडा हौशी माणूस. शाल त्यांनी स्वतःच्या पसंतीने आणली होती. मानपत्र मात्र नेहमीप्रमाणे तालुक्याच्या छापखान्यात सांगितलं होतं. त्या छापखान्याकडे एकच मजकूर होता; नाव तेवढं बदलायचं. गेल्या वर्षी शाळेचा शिपाई त्यात ज्ञानाकाशातला पूर्णचंद्र ठरला होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी कुस्तीतला एक पैलवानही.

गौरम्मांनी गौडांना गाठलं आणि या वेळचं मानपत्र सातवीचा वर्ग लिहील असं सांगितलं. गौडांना ते पटेना. पोरांनी लिहिलेलं हलकं वाटेल, स्वयंपाकीण म्हणून स्वस्तात उरकलं असं लोक म्हणतील. संगव्वाला विचारलं तर ती म्हणाली, तिला दोन्ही नको. तिथे खुर्चीत बाहुलीसारखं बसायचं आणि भलत्याच कुणाचं कौतुक ऐकायचं, त्यापेक्षा ती मागे चहा करेल.

"तू येशीलच," गौरम्मा म्हणाल्या. "आणि तुझंच ऐकशील. माझा शब्द."

शब्द देऊन बसल्या खऱ्या, पण वर्गाचा पहिला मजकूर हातात आला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. पोरांनी घरातलीच बोली उतरवली होती: संगव्वा आमची लई झकास, सांबार एक नंबर, ओरडली की पळायला होतं. गौरम्मांनी समजावलं की हे ओट्यावर बोलायला छान आहे. पण मानपत्र चारचौघांत वाचतात, ते सगळ्या गावाच्या तोंडून निघायला हवं, तेव्हा नीट कपडे घालून या. दुसऱ्या खेपेला पोरं कपडे घालून आली ती भाड्याची. संगव्वा आता अन्नपूर्णेचा अवतार, करुणेचा सागर, त्यागाची मूर्ती आणि आणखी बरंच काही झाली होती.

गौरम्मांनी ते वाक्य उभं केलं. रुद्रव्वा नावाची उंच मुलगी संगव्वा झाली. तिच्यापुढे एकेक विशेषण येऊन उभं राहू लागलं आणि जागा करायला रुद्रव्वा मागे मागे सरकू लागली. शेवटी ती उंबऱ्याबाहेर गेली.

"अक्कोरू, संगव्वा व्हरांड्यात गेली," मागच्या बाकावरून कुणीतरी बाईंना कळवलं.

"मग तिला आत आणा. या पाहुण्यांतले कोण कोण काय काम करतात ते विचारा. काम न करणाऱ्यांनी घरी जायचं."

करुणेच्या सागराला विचारलं, बाबा, तू काय करतोस? त्याने डोकं खाजवलं. तो जागेवर जाऊन बसला. त्याच्यामागोमाग मूर्ती गेली, अवतार गेला. रुद्रव्वा परत आत आली. आता तिच्या आणि क्रियापदाच्या मधे मोकळी जागा होती, आणि गौरम्मांनी विचारलं, संगव्वा काय *करते*?

त्या आठवड्यात पोरं स्वयंपाकघराभोवती मांजरांसारखी घुटमळली. संगव्वाने त्यांना झाऱ्याने हाकललं, तेही त्यांनी टिपलं. सोमवारी तिचा उपास, त्या दिवशी ती मीठ चाखत नाही, वाफेवर कळतं तिला. धनगरवाड्यातून चालत येणाऱ्या पोरांच्या ताटात ती पळी तळापर्यंत घालते, डाळ तिथे असते म्हणून. एकदा गॅसची टाकी आलीच नाही, तेव्हा तिने शेतातून काड्या आणून तीन दगडांवर स्वयंपाक केला आणि जेवणाची घंटा वेळेवर झाली. भांडण पेटलं ते तिच्या रागावण्यावरून. मानपत्रात रागाचं कसं लिहायचं? रुद्रव्वाचं म्हणणं, राग वगळला तर ती संगव्वाच नाही. गौरम्मांनी निकाल दिला नाही. रीतीचं लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं नव्हे, एवढंच सांगून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने वर्गाने वाक्य जुळवलं: "आपण आम्हांवर रागावत होता, पण रागावण्याआधी वाढत होता." जिला आजवर सगळ्यांनी 'ए संगव्वा' म्हणून हाक मारली, तिला 'आपण' लिहिताना आधी पोरांना हसू आलं, आणि मग येईनासं झालं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी गौडा छापखान्यातली चौकट काखोटीला मारून वर्गात आले. गौरम्मांनी त्यांना मानाने खुर्ची दिली आणि संगव्वाच्या जागी बसा म्हणून विनंती केली. एका मुलाने छापील मजकूर वाचला. गौडा मिशीवर हात फिरवत ऐकू लागले. ज्ञानाकाशातला पूर्णचंद्र येईपर्यंत त्यांचा चेहरा पुरता खुलला होता.

"छान आहे की. हे तर मलासुद्धा लागू पडतंय."

"तेच म्हणते मी, गौडर."

पोरांनी तोंडं दाबून धरली. गौडांनी चौकटीकडे पाहिलं, स्वतःकडे पाहिलं, आणि मग पोरांचं मानपत्र वाचायला सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी चौकटीतला छापील कागद काढला आणि रिकामी चौकट टेबलावर ठेवली. जाताना म्हणाले, "वाचा हेच. पण लोक हसले तर शाळेचं नाव जाईल, अक्कोरू. ते तुमच्या माथी."

संमेलनाच्या संध्याकाळी मैदानात माणूस मावत नव्हता. कोपऱ्यात मिरची-भजी तळली जात होती, चुरमुऱ्यांच्या गिरमिटाच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. संगव्वा इरकल नेसून आली आणि खुर्चीच्या काठावर अशी बसली, जणू कुणी हाक मारली की उठून जाईल. गौरम्मा पडद्याच्या दोरीशी उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्याच्या एंट्रीची धडकी भरली होती.

रुद्रव्वाने चौकट धरली. घसा खाकरला. वाफेवर कळणारं मीठ झालं, तळाची डाळ झाली. मैदान शांत होतं. संगव्वा मान खाली घालून बसली होती, अगदी चन्नप्पा बसले होते तशी. गौरम्मांनी दोरी घट्ट धरली. राग आणि वाढणं येऊन गेलं, तरी मान वर झाली नाही. रुद्रव्वा पुढे वाचू लागली, "गॅस नसलेल्या दिवशी आपण शेतातून पऱ्हाट्या आणून..."

"पऱ्हाट्या नव्हेत," संगव्वा म्हणाली.

ध्वनिक्षेपकाने ते सगळ्या गावाला ऐकवलं. रुद्रव्वा थांबली. संगव्वाने मान वर केली होती आणि आता तिला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं.

"तुराट्या होत्या त्या, तुरीच्या. कापसाची पऱ्हाटी किती धूर करते, ठाऊक आहे का? डोळे फुटले असते तुमचे. मी काय एवढी खुळी आहे? तुराट्या लिहा."

आधी एक बाई हसली, मग सगळं मैदान. गौरम्मांनी गौडांकडे पाहिलं. गौडा उठले, ध्वनिक्षेपकाशी आले. आता काय बोलतात म्हणून मास्तर मंडळी चुळबुळली.

"संगव्वा," गौडांनी विचारलं, "आणखी काही चुकलंय का?"

संगव्वाने विचार केला. घाईने नव्हे, डाळीतला खडा शोधावा तसा, पहिल्या ओळीपासून.

"नाही," ती म्हणाली. "बाकी सगळी मीच आहे."

टाळ्या वाजल्या तेव्हा तिने वाजवल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून, आपल्यासाठी आहेत हे कळलेल्या माणसासारख्या तिने त्या ऐकून घेतल्या. पडद्याच्या दोरीशी गौरम्मा दोन्ही डोळे पुसत हसत होत्या, आणि हे कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी चुकून पडदाच सोडला. आतून संगव्वाचा आवाज आला, अजून नारळ मिळायचा आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी चौकटीची काच काढून गौरम्मांनी पऱ्हाट्यांवर एक सरळ रेघ मारली आणि वर तुराट्या लिहिलं. खाडाखोडीला गुण कापणाऱ्या बाई त्या; सातवीचा वर्ग भोवती कोंडाळं करून श्वास रोखून पाहत होता. नवीन कागदावर उतरवून देऊ का, असं रुद्रव्वाने विचारलं. संगव्वाने ऐकलं नाही. खाडाखोड राहू दे म्हणाली; येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

ती चौकट तिच्या चुलीच्या वरच्या भिंतीवर आहे. धुराने काच पिवळी झाली की ती पदराने पुसते. गौरम्मा भाकरी खायला गेल्या, की त्यांना ती अजून एकदा पहिल्यापासून वाचायला लावते, आणि त्या जागी आलं की दोघी एकदम म्हणतात, तुराट्या.