उजव्या दिव्यातलं पाणी

गाडी म्हणजे देहूरोडला लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती. आमचा थोरला भाऊ ती चाकण ते तळेगाव स्टेशन भाड्यानं चालवायचा. एका पावसाळ्यात इंद्रायणीच्या उतारावर नदी ओलांडताना त्याला पाण्याचा अंदाज आला नाही. प्रवासी अलीकडच्या काठावरच उतरून थांबले होते, म्हणून वाचले. भावाचा देह सापडल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, खाली बाभळींत अडकलेली.

इंजिन उघडून, धुऊन, ती पुन्हा रस्त्यावर आली. जमीन थोडी होती, त्यामुळे धाकट्यानं ती चालवायला घेतली. मी मधला; तेव्हा पुण्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत होतो आणि सुट्टीला गावी, महाळुंग्याला येत असे.

गाडीचा उजवा दिवा कायम आतून ओला असायचा. पाऊस झाला की काचेच्या आत थेंब धरायचे आणि उजेड दुधाळ होऊन चाकांपुढेच सांडायचा. धाकट्यानं काच काढून पुसली, उन्हात वाळवली, बल्ब बदलला. पुढच्या पावसानंतर पुन्हा तेच. एकदा तिन्हीसांजेला समोरची बैलगाडी त्याला अगदी जवळ आल्यावर दिसली. त्यानं जोरात ब्रेक मारला. मी मागे बसलो होतो.

त्याच्या शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला, "राव, गाडीला मोतीबिंदू झालाय तुझ्या. मलाबी झालाय, पर मी घरी बसतो."

सगळे हसले. मग मागून कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "नदीचं पाणी हाय त्ये. जायचं न्हाई."

दुसऱ्या सकाळी धाकटा दोन्ही दिव्यांपुढे उकिडवा बसला. पाणी डाव्या दिव्यातही शिरत होतं, पण उन्हं वर आली की तो कोरडा व्हायचा. त्यानं डाव्या दिव्याखाली बोट फिरवलं. तिथे पाणी निथळायला बारीक भोक होतं. उजव्या दिव्याखाली बोटाला फक्त शेंदूर लागला.

तो आईनं लावलेला होता. गाडी नदीतून आली त्या दिवशी तिनं तेलात शेंदूर कालवला आणि शिवेवरच्या म्हसोबाला लावतात तसा दिव्याला लिंपला. उजव्यालाच, कारण थोरला चालवताना त्या बाजूला बसायचा. पुढे दर अमावास्येला ती नवा थर देत गेली. जुना थर वाळून दगड झाला होता.

धाकट्यानं पान्ह्याचं टोक लावलं तेव्हा आई ओट्यावरून उठली.

"हात लावू नगंस. त्यो राखण हाय."

"आये, भोक बुजलंय. पाणी आतच राहतंय."

"राहू दे. काढलंस आन् तुझंबी काय झालं म्हंजी?"

"मला रस्ता दिसत न्हाई, आये," तो म्हणाला. "काल बैल मेला असता. न्हाईतर मी."

ती दिव्यापाशी आली. मग अंबाड्यातला आकडा काढून खाली बसली आणि स्वतःच शेंदूर उकरू लागली. खपल्या पदरात घेत होती. भोक मोकळं झालं तसं चार थेंब मातीत पडले. तिनं त्यांवर तळवा ठेवला. धाकट्यानं काच वाळवली, जुन्या सायकलच्या ट्यूबची गोल पट्टी कापून कडेला बसवली आणि चाकणला निघून गेला.

संध्याकाळी आई आणि मी ओट्यावर होतो. एक दिवा लख्ख आणि एक मिणमिणता दिसला की आपली गाडी आली, हे आम्हाला सवयीचं झालं होतं. त्या दिवशी वळणावरून दोन सारखे दिवे आले, थोरला असताना यायचे तसे. अंधार पुरता पडला नव्हता. आई उठली, पाण्याचा तांब्या घेऊन अंगणाच्या टोकाशी गेली. दिव्यांच्या झोतात तिला आतला माणूस दिसत नव्हता.

"आलास का रं थोरल्या?" तिनं विचारलं. आवाज रोजचा होता.

इंजिन बंद झालं. धाकटा उतरला, दार लावून तिच्यापुढे आला.

"व्हय, आये," तो म्हणाला, आणि तांब्या घेऊन पाय धुऊ लागला.