पायरी काढलेली जीप

माझ्या धाकट्या भावाने सोनिवलीची रस्त्याकडची जमीन विकून जीप घेतली, इथपर्यंत मी समजू शकते. जमीन विकून लोकांनी याहून भिकार गोष्टी घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. पण चांगली धडधाकट जीप त्याने मुद्दाम उंच करून घेतली, त्याचं मला अजून हसू येतं, आणि हसून झालं की राग येतो.

उंच म्हणजे किती, तर आमचे बाबा दारापाशी उभे राहिले की सीट त्यांच्या छातीला लागायची. टायर ट्रॅक्टरला शोभतील असे. आत चढायला मुळात एक लोखंडी पायरी होती. ती दगडाला घासते म्हणून त्याने काढून टाकली. दगड कुठले? पठ्ठ्या फिरायचा बदलापूर स्टेशन ते सोनिवली, सगळा काँक्रीटचा रस्ता. फार तर स्पीडब्रेकर आडवा यायचा.

मी अंबरनाथच्या एका गिअरच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. लोकांचा माल नापास करण्याचा पगार घेतला. त्यामुळे जीप दारात आली तेव्हा बाकीचे टायरपाशी फोटो काढत होते आणि मी वाकून खाली बघत होते. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, घसरगुंडीसारखा तिरपा झाला होता. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, गॅरेजवाले त्यांना क्रॉस म्हणतात. असल्या तिरक्या कोनात, असले अगडबंब टायर फिरवत, ते फार दिवस टिकत नाहीत. उपाय साधे असतात. स्प्रिंगखाली पाचरी बसवून कोन सुधारावा, क्रॉसला वेळेवर ग्रीस द्यावं, चारही चाकांना ताकद देणारं फोर व्हील फक्त मातीत लावावं, आणि अडकलं तर हळूहळू निघावं. उल्हासनगरच्या ज्या दुकानातून त्याने सगळं सामान आणलं, तिथल्या सिंधी शेटनेही बजावलं होतं, "वडी, ये पच्चर भी ले जा, नहीं तो क्रॉस तोड़ के वापस आएगा." भावाने पाचरींऐवजी टपावर लावायचे दिवे आणले.

काळजी तो घेत नव्हता असं नाही. पुढे लिंबू-मिरची, मागे काळी बाहुली, दसऱ्याला प्रत्येक टायरखाली लिंबू. क्रॉस नजर लागून तुटतो, असा त्याचा समज असावा.

मग आमच्या चुलत भावाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा, त्यात डीजे. आमच्या या शूरवीराने जीप मांडवासमोर आणली, कोरड्या काँक्रीटवर फोर व्हील लावलं, आणि ढोलाच्या ठेक्यावर क्लच सोडत जीप पुढे-मागे नाचवायला लागला. बॉनेटवर दोन मित्र नाचत होते. बायका टाळ्या वाजवत होत्या. दुसऱ्या दिवशी गाडीखालून टक-टक आवाज यायला लागला. मी म्हटलं, क्रॉस गेलाय. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. अशी गाडी बोलतेच."

हे सगळं मी बघून सोडूनही दिलं असतं, पण मध्ये बाबांचं शेत आलं. वांगणीच्या पलीकडे, ओढा ओलांडून चढावर, आमचा शेवटचा तुकडा उरला होता. बाबांचा एक पाय लकव्यात गेल्यापासून ते तिथे पोचलेच नव्हते. भावाने त्या शेताला फार्महाऊसवालं गिऱ्हाईक आणलं. कशासाठी? तर जीपला परदेशी, न तुटणारे एक्सल टाकायचे होते. जीप तुटू नये म्हणून शेत विकायचं, हे त्याने आम्हाला अगदी गंभीरपणे समजावून सांगितलं.

बाबा एवढंच म्हणाले, "सही करीन. पन आदी मना शेत बगाचा हाय."

"आपली जीप कशाला हाय, बाबा? डायरेक बांधावर उतरवतो तुम्हाला."

रविवारी सकाळी बाबा जीपपाशी काठी टेकून उभे राहिले आणि वर बघायला लागले. "आनि यान चरवाचा कसा?" यात चढायचं कसं, ते मलाही दिसेना. मी प्लास्टिकचं स्टूल आणलं, ते डगमगलं. शेवटी भावाने त्यांना काखेत धरून पोत्यासारखं आत सरकवलं. बाबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. आयुष्यभर कुणाचा हात न धरलेला माणूस. मला भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. स्टूल मी सोबत घेतलं.

ओढ्यात मोठमोठे गोटे होते. मी म्हटलं, खालचा गिअर टाक, सावकाश काढ. तो म्हणाला, "ताई, इथे मोमेंटम लागतं," आणि पाय दाबला. मागचं चाक गोट्यावरून उडालं, हवेत भणभणलं, आणि तसंच फिरत दगडावर आपटलं. खाडकन आवाज आला. क्रॉस तुटून शाफ्ट पाण्यात लोंबायला लागला आणि पुढची चाकं शेवाळावर नुसती फिरत राहिली.

भावाने आपल्या जीपवाल्या ग्रुपवर मदत मागितली. डोंगरदऱ्या तुडवणारे वाघ सगळे! एकाने हात जोडलेले पाठवले, एकाने फोटो मागवला. यायला कोणी तयार नव्हतं. बाबा तिकडे वर दाराजवळचा दांडा धरून बसलेले, उतरता येत नाही, आणि शेत समोर दिसतंय.

मग भाऊ पाण्यात उतरला, दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, या पाठीवर." तो पुढे, मी मागून स्टूल घेऊन, असे आम्ही चढ चढलो.

बाबा बांधावर स्टुलावर बसले. बराच वेळ बघत होते. एका कोपऱ्यात बांध फुटला होता, तिकडे त्यांनी काठी केली. भाऊ कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता. आणि सांगते, खरं वाटणार नाही, पण दम खाऊन तो म्हणाला, "बघितलंत ना बाबा? म्हणून तर एक्सल पाहिजेत. सही झाली की परत असं होणार नाय."

बाबांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "तुजी गारी शेतापरत आयली नाय. न तू माजा शेत गारीन घालतस?"

भावाने बुटांचा चिखल बांधावर घासून काढला. मग त्याने पुन्हा पाठ वाकवली.

सही झाली नाही, त्यामुळे एक्सलही आले नाहीत. नवा क्रॉस पुन्हा तुटू नये म्हणून जीप मुळातल्या उंचीवर आणावी लागली. ग्रुपवर तो सांगतो, बॅलन्ससाठी खाली केली. मी ऐकते आणि गप्प बसते, आणि मला ते फार जड जातं. पायरी परत बसवली आहे. बांध दुरुस्त करायचा म्हणून दोघं आता दर रविवारी शेतावर जातात. बाबा पायरीवर चांगला पाय ठेवतात, दांडा धरतात, आपले आपण चढून बसतात, आणि ओढा आला की भावाला सांगतात, "सावकास."