देवघराचं दार आणि नायलॉनचा ब्रश

नायलॉनचा ब्रश दिसला की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला यज्ञेश्वर पेंटर असं नाक मुरडायचा, जणू अर्धी सुटलेली मिशी लावून कुणी राजा म्हणून रंगमंचावर आला आहे.

"हे रंगाचं सामान नाही, दात घासायचं आहे," असं तो म्हणे.

एके काळी गणेशोत्सवातल्या मराठी नाटकांचे पडदे तोच रंगवायचा. नट आत यायच्या आधी त्याच्या राजवाड्याला टाळी पडायची. मग रायपूर राजधानी झालं, ठेकेदार आले, रोलर आले. भिंती फासणाऱ्या त्या सगळ्यांना तो सरसकट 'पोतारे' म्हणायचा, आणि तेही त्याला कामाला बोलवत नसत. आता आपलं म्हणावं असं एकच काम उरलं होतं. बूढापाऱ्यातल्या पद्मिनीवहिनींच्या देवघराचं दार. छत्तीस वर्षं, दर दिवाळीआधी. ते गेलं असतं तर यज्ञेश्वर पेंटर संपला असता, नुसता यज्ञेश्वर उरला असता.

यंदा वहिनींना दम्यानं धरलं होतं. तेलरंगाचा वास सोसेना, म्हणून त्यांचा मुलगा शेखर पाण्यात कालवायचा रंग घेऊन आला, आणि सोबत पिवळ्या मुठीचा नायलॉनचा ब्रश.

"काका, दुकानवाले ने बोला है, ये पेंट इसी से लगता है."

"दुकानवाल्यानं जन्मात एक तरी दार रंगवलं काय?" यज्ञेश्वरनं पिशवीतून स्वतःचा ब्रश काढला. "हे केस पाह्य. रंग पोटात धरून ठेवतात. तुझं प्लास्टिक थुंकून देते!"

"घोड्याचेच ना, भाऊ?" वहिनींनी खुर्चीतून विचारलं. हे त्या दर वर्षी विचारत.

"हव वहिनी, घोड्याचेच." हे तो दर वर्षी सांगे.

केस डुकराचे होते. चांगल्या ब्रशाचे असतातच, हे प्रत्येक पेंटरला ठाऊक असतं. पण देवघराच्या दाराला डुक्कर लागलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मनाला टोचणी लागायची, म्हणून आदल्या दिवशी तो महादेवघाटावर जाऊन ब्रशाला खारुन नदीत तीन बुड्या द्यायचा आणि उन्हात कडकडीत वाळवायचा. तेलरंगाशी त्या ब्रशाचं जुळायचं, देवही काही बोलत नसत.

पाण्याच्या रंगाशी मात्र जुळेना. पहिला हात झोकात गेला. तिसऱ्या हातापर्यंत केस पाणी पिऊन फुगले, लुळे पडले, दारावर जाड रेघा उमटल्या. आणि छत्तीस वर्षांत झालं नव्हतं ते झालं. एक केस सुटून दाराला चिकटला.

"काका, बाल गिर रहा है."

"पडू दे! रंगच पाणचट आहे, त्याले ब्रश काय करन?"

वहिनी उठल्या. केस चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेला.

"वर्ध्याले माझ्या बापाचा टांगा होता, भाऊ. घोड्याच्या शेपटीचा केस टोकाले असा फाटत नाही."

बकरीचे, असं यज्ञेश्वरच्या जिभेवर आलं होतं. पण समोर देव होते. तो स्टुलावर बसला.

"डुकराचे आहेत, वहिनी. पहिल्यापासून."

शेखर हसू दाबत बाहेर पळाला. वहिनींनी केस खिडकीबाहेर टाकला.

"तुझी बायको सांगे मले, पोट्टं न्हाऊ घालावं तसा तू घाटावर ब्रश न्हाऊ घालते म्हणून. ते याच्यासाठीच काय?"

"हव."

"बावळट कुठला! देवाले चाललं असन, मले नाही चालत. तो पिवळा घे. अन् दार तूच रंगवायचं, दुसऱ्या कोणाले मी हात लावू देणार नाही."

त्यानं रेघा घासून काढल्या आणि मेलेला उंदीर शेपटीनं धरावा तसा तो ब्रश दोन बोटांनी उचलला. दुपारपर्यंत दार आरशासारखं झालं. एक रेघ नाही. त्यानं ते पाहिलं आणि मान वळवली.

"देखा काका?" शेखर म्हणाला.

"पाहिलं. दवाखान्याच्या पलंगाले देतात तसा बसला."

मग तो नळाखाली ब्रश धुवायला बसला. रॉकेल नाही, घासाघीस नाही, मिनिटभरात ब्रश कोरा करकरीत.

"एवढ्यात विसरला रंग?" यज्ञेश्वर ब्रशाकडे बघत तुच्छतेनं म्हणाला. "याले कायचं इमान!"

आणि ब्रश झटकून त्यानं पिशवीत टाकला. जुन्या ब्रशांपासून दूर, वेगळ्या कप्प्यात.