शेवटच्या बाकावरचे मास्तर

आमच्या अर्नाळ्याच्या शाळेतल्या मराठीच्या मास्तरांना कविता नुसती "छान आहे" म्हटलेलं चालायचं नाही. नाक चोळत म्हणायचे, "कुठल्या शब्दानं छान? तो दाखव, मग पुढं लिही." रसग्रहणाच्या वहीत माझ्या चार ओळी आणि त्यांचा शेरा पानभर! घाटावरून एकटेच आलेले. शाळा सुटली की सुकत घातलेल्या बोंबलांमधून धोतर सावरत खोलीवर जायचे, कुणाशी बोलायचे नाहीत.

त्यांची नक्कल करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांच्या खुर्चीत बसून, नाक चोळत कविता शिकवत होतो. हसणारी पोरं एकदम माझ्या मागं बघायला लागली. दारात मास्तर.

"मेलास! पानी पिऊन घे," कुणीतरी कुजबुजलं.

मास्तर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. "चालू दे. दुसऱ्या कडव्यात आई दिवा का विझवत नाही?"

घाबरून मी त्यांच्याच आवाजात बोललो, "मुलगा येणार नाही, हे तिला कबूल करायचं नाही."

"मला नाही पटत!" म्हणत ते हातवारे करून वाद घालायला लागले. इतकं बोलताना त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. घंटा झाली तरी थांबेनात.

मग उठले, खुर्चीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "उद्याही बसशील का रे इथं?"