मुहर्रकमधला बाळंतकाढा

चौऱ्याहत्तर साली सांताक्रूझच्या विमानतळावर आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. "पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायचं. कबूल कर, मग जा." तेव्हा माझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. मागे रांग खोळंबली होती, म्हणून मी "बरं" म्हटलं. त्या एका शब्दावरून वसईत माझ्यावर पुढे किती वर्षं खटला चालला, हे तुम्हां मागे राहिलेल्यांना ठाऊक आहे. आज माझी बाजू ऐका. आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनीही ऐका, कारण तुमच्यावरही असले खटले चाललेच असतील.

बहरीनला मी नर्स म्हणून आले, स्वतःच्या व्हिसावर, कुणाची बायको म्हणून नव्हे. तीन वर्षं हॉस्टेलमध्ये काढली. मग पास्कलशी लग्न झालं. तो विमानतळावर कार्गोमध्ये होता. मुहर्रकला दोन खोल्या घेतल्या आणि वर्षभरात मला दिवस राहिले. मॅटर्निटी लीव्ह होती पंचेचाळीस दिवसांची. विमानात सातव्या महिन्यानंतर घेत नाहीत. म्हणजे माहेरी जायचं तर दोन महिने आधी निघायला हवं, आणि तेवढ्यात नोकरी, व्हिसा, सगळं खलास. मी आईला लिहिलं, येत नाही.

तिचं उत्तर चार ओळींचं आलं. सोबत गावच्या कुणाबरोबर काढ्याच्या पुड्या. "पाठवते आहे. पण लक्षात ठेव, आईच्या हातचं औषध आईच्याच घरात लागू पडतं."

मुलगी झाली. घरी आल्यावर काढा चढवला. तेव्हा मुहर्रकच्या नळाला खारट पाणी यायचं. गोडं पाणी विकत आणायचो ते फक्त पिण्यापुरतं. स्वयंपाक नळाच्याच पाण्यावर, वरून मीठ कमी घालायचं की झालं. काढा तर उकळायचाच आहे, म्हणून मीही नळाचंच पाणी घेतलं. चार वाट्यांची एक वाटी केली. पहिल्याच घोटाला ओकारी आली. तरी नाक दाबून तीन दिवस प्यायले. पाय सुजले, दूध पुरेना. पास्कल दारात उभा राहून म्हणाला, "आई म्हणत होत्या तसंच झालं. तिकीट काढू का?" मी त्याच्यावर खेकसले, आणि तो गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले. कारण मलाही वाटायला लागलं होतं की आईचं खरं असावं.

चौथ्या दिवशी सू-लिन आली. माझ्याच वॉर्डातली, मलेशियातली चिनी. हातात मातीचं काळं मडकं आणि कागदाची पुडी. त्यात कसल्या कसल्या मुळ्या, भाजलेली सुंठ, ज्येष्ठमध. तिच्या घरी प्रत्येक बाळंतिणीला हाच काढा, पिढ्यान् पिढ्या. शेगडीवर माझं भांडं दिसलं तसं तिने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"सिस्टर, विच वॉटर?"

"नळाचं."

ती पोट धरून हसायला लागली. पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार? चार वाट्यांतलं सगळं त्या एका वाटीत! पेशंटच्या पायावरची सूज डॉक्टरांच्या आधी ओळखणारी मी, आणि मलाच हे सुचू नये?

तिने गोड्या पाण्यात तिची पुडी भिजत घातली, मडकं चढवलं, तीन वाट्यांची एक होईपर्यंत हलली नाही. काळाकुट्ट, तिखट, मागून कडू. मी वाटी रिकामी केली. पुढच्या आठवड्यात आईचा काढाही गोड्या पाण्यात केला. थेट थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात घरभर यायचा तसा वास. सूज उतरली ती मीठ सुटल्यामुळे, एवढं नर्सला कळतं. पण पाठीवर हात ठेवून बसलेली बाई कोणत्या बाटलीत मिळते, सांगा. सेहेचाळिसाव्या दिवशी मी ड्यूटीवर हजर होते.

सगळं खरं खरं आईला कळवलं. तिने लिहिलं, "चिनी बाईच्या हातचा काढा प्यायलीस. आता तीच तुझी आई." पुढे सहा महिने पत्र नाही. फार लागलं ते मला. पण माफी मी मागितली नाही, आजही मागणार नाही.

दुसऱ्या खेपेला सू-लिन मलेशियाला परतली होती. मी आईला तिकीटच पाठवलं. "मी येणार नाही. तू ये." ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली, पिशवीत पुड्या भरून. पहिले चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. गोडं पाणी कुठलं, एवढं मात्र न चुकता विचारायची.

तिचा परतीचा महिना जवळ आला तेव्हा शेजारच्या बुसैतीनहून सेलीन आली. आमच्याच बाजूची नवी पोर, हॉटेलच्या ऑफिसात कामाला, सातवा महिना. सासूचं पत्र होतं, ताबडतोब निघून ये. गेली तर नोकरी जाणार. वडीलधारी बाई काय सांगते ते ऐकायला ती आली होती. मी बाळाला पाजत होते. आई आता काय बोलणार ते मला तोंडपाठ होतं.

आईने पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. "लिही सासूला, जमत नाही म्हणून. आणि रडू नकोस."

"पण मावशी, माझं इथे कोण आहे?"

"पुड्या मी ठेवून जाते," आई म्हणाली आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "हिच्याकडे यायचं."

सेलीन गेली नाही. दोन महिन्यांनी बाळाला घेऊन ती माझ्या त्या दोन खोल्यांत आली आणि चाळीस दिवस राहिली. माझं घर कुठलं, असं अजून कुणी विचारतं तेव्हा मी वाद घालत नाही. मुहर्रकमध्ये एका मुलीचं माहेर होतं. ते मी चालवलं.